जोड कुठे घालणार?

दुधाच्या टँकरच्या पोटाला फिल्म लावणं हे गाड्यांवर रंगीत, छापील फिल्म चिकटवण्याच्या आमच्या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम, आणि त्याच टँकरच्या मागच्या तोंडाला लावणं हे सगळ्यात अवघड कामांपैकी एक. पोट गोल असलं तरी एकाच दिशेनं वळलेलं असतं, म्हणून फिल्म त्यावर बिनतक्रार लपेटली जाते. टाकीची टोकं मात्र फुगीर असतात; फॅब्रिकेशनवाले त्यांना डिश एंड म्हणतात. तिथं पत्रा उभाही वळतो आणि आडवाही. मध्यभागी फिल्म टेकवली की कडेनं चुण्या उभ्या राहतातच. कोल्हापूर-सांगली भागात दूध संघांचे टँकर पुष्कळ. गाळ्यात नवा पोरगा आला की मी त्याला आधी पोटावर काम देतो आणि मग डिश एंडसमोर नुसतं उभं राहून बघायला सांगतो. चुण्या कुठून सुरू होतात, कुठे संपतात, हे दिसायला लागलं की पुढचं शिकवणं सोपं जातं.

कार्ल फ्रीडरिख गाउस या जर्मन गणितज्ञानं १८२७ साली हे सिद्ध करून ठेवलं आहे. दोन्ही दिशांना वळलेला पृष्ठभाग अंतरं न बिघडवता सपाट करता येत नाही, आणि सपाट पान त्याच्यावर तसंच्या तसं बसत नाही. पृथ्वीचा कोणताही सपाट नकाशा कुठे ना कुठे अंतरं चुकवतो तो यामुळेच. नकाशा काढणाऱ्याला निदान ती चूक समुद्रात ढकलता येते. आम्हाला ती बंपरवर, आरशाच्या कव्हरवर, चाकावरच्या कमानीवर कुठेतरी जिरवावी लागते. तिला तीनच वाटा आहेत: फिल्म ताणायची, उष्णतेनं थोडी आकसवायची, नाहीतर कापायची. कोणत्या जागी कोणती वाट धरायची, यातच माझ्या कामातली सगळी बुद्धी खर्च होते.

आमच्या आधी गाड्यांवर अक्षरं काढणाऱ्या पेंटरांना हा प्रश्न पडत नव्हता. रंग ओला, ब्रश जाईल तिथं तो जातो. फिल्म कारखान्यातून स्वतःचा आकार घेऊन येते, आणि हा आकार तिला कसा मिळाला यावर बरंच काही ठरतं. कॅलेंडर्ड फिल्म करताना पीव्हीसीचा गरम लगदा तापलेल्या रोलरांमधून दाबत, ओढत पातळ करतात. ओढून तयार झालेली असल्यानं ऊन लागलं की ती मागं यायला बघते. कास्ट फिल्मसाठी पीव्हीसीचं पातळ मिश्रण गुळगुळीत पृष्ठावर ओततात आणि भट्टीतून नेऊन घट्ट करतात. तिला कुणी ओढलेलं नसतं. साधारण ५० मायक्रॉन जाडीची ही फिल्म वळणावर शांत बसते. टेम्पोच्या सपाट बाजूला कॅलेंडर्ड चालते. प्रचाररथाला तर तीच योग्य, कारण निवडणूक झाली की ती काढायचीच असते. पण बंपरवर कॅलेंडर्ड लावणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, असं मी स्पष्ट म्हणतो. छापलेल्या फिल्मवर वरून लॅमिनेशन येतं. तेही कास्टच हवं, नाहीतर वरचा थर खालच्याला ओढत राहतो. शिवाय छपाईनंतर शाईतला सॉल्व्हंट उडून जायला निदान एक दिवस द्यावा लागतो. ओल्या शाईवर घाईनं लॅमिनेशन केलं तर तो सॉल्व्हंट गोंदात उतरतो आणि कडा सुटायला लागतात. गाडी गाळ्यात येण्याआधीच काम निम्मं बनलेलं किंवा बिघडलेलं असतं, ते असं.

उष्णता या फिल्मवर दोन उलट परिणाम करते, आणि हे मला आजही नवलाचं वाटतं. चुकून घडी पडलेली, सुरकुतलेली फिल्म उचलून धरली आणि हीट गनची मंद ऊब दिली, की सुरकुत्या आपोआप विरतात आणि फिल्म मूळच्या सपाटीवर परत येते. आम्ही याला मेमरी म्हणतो. काम चालू असताना ही मेमरी आपली मैत्रीण असते. काम संपल्यावर तीच शत्रू होते. कोपऱ्यात ताणून बसवलेली फिल्म दुपारच्या उन्हात बोनेट तापलं की पुन्हा आपल्या जागी जायला निघते. म्हणून सगळं लावून, कापून झाल्यावर ताणलेली प्रत्येक जागा पुन्हा तापवावी लागते. या वेळी ऊब कामाची नाही. फिल्मप्रमाणे साधारण ९० ते ११० अंश सेल्सिअस लागतात. कंपनीच्या माहितीपत्रकावर जो आकडा असेल तो गाठायचा, आणि तो हाताच्या अंदाजानं नाही, इन्फ्रारेड थर्मामीटर रोखून बघायचा. एवढं तापलं की ओढ मरते. गाडी ताब्यात देताना ही पायरी केलेली आणि न केलेली अशा दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर फरक कुणालाही ओळखता येणार नाही. त्यामुळेच ती सगळ्यात जास्त गाळली जाते.

ताण द्यायचा तर तो पसरून द्यायचा. सुरकुती ज्या दिशेनं धावते त्या दिशेला ओढ जास्त झालेली असते आणि तिला आडवी ओढ कमी पडलेली असते. नवशिका सुरकुतीच्या टोकाशी अंगठा दाबतो, किंवा आहे त्याच दिशेनं आणखी खेचतो. ती अधिक उभी राहते. हात एकमेकांपासून लांब ठेवून, सुरकुतीला आडवं, हळू ओढलं की ती विरते. हे बोलून पटत नाही, म्हणून मी पोरांना जुनं हेल्मेट देतो. फिल्मच्या तुकड्यावर मार्करनं चौकटी आखायच्या आणि तो तुकडा हेल्मेटवर बसवायचा. कुठली चौकट लांबली, कुठली दबली, हे डोळ्यांसमोर येतं. १० सेंटीमीटरची रेघ ११ झाली म्हणजे १० टक्के ताण, इतका साधा हिशेब. ताण एका चौकटीत साठला की तिथं रंग फिका पडतो, चकाकी बदलते, फिल्म कागदासारखी पातळ होते.

आरशाचं कव्हर तळहाताएवढं असतं, पण मी कारागीर पारखतो तो त्याच्यावर. पाच बाजूंनी वळलेली ती वस्तू एका तुकड्यात झाकता येते, हे खरं आहे. त्यासाठी आधी फिल्म चारही बाजूंनी सैल धरून मध्यावर टेकवायची, सगळ्यात मोठ्या फुगवट्यावर ताण वाटून द्यायचा, आणि कडांकडे जाताना ओढणं थांबवून फक्त बसवत जायचं. शेवटच्या बोटभर पट्टीत ताण शिल्लक राहता कामा नये, कारण सगळी फिल्म कडेवर धरलेली असते. बंपरच्या खाचेतही हाच हिशेब. वरून दाबून खाचेत घुसवलेली फिल्म खाचेच्या तळाला तेवढ्यापुरती चिकटते आणि मग तंबूसारखी उचलली जाते. खाच आधी भरायची. आजूबाजूची फिल्म अजून मोकळी असताना तिला आत सरकू द्यायचं, आणि मग बाहेर यायचं. गोंदालाही वेळ लागतो. तो दाबानं धरतो, आणि पूर्ण धरायला एक-दोन दिवस घेतो. म्हणून फेल्ट लावलेल्या पट्टीनं प्रत्येक इंच नीट दाबणं हे वरवर कंटाळवाणं दिसलं तरी चिकटवणं म्हणतात ते हेच.

एक गोष्ट डिझाइन करणाऱ्या मंडळींना मनापासून सांगायची आहे. संगणकावर गाडी बाजूनं दिसते, सपाट. बंपरचा कोपरा तिथं इंचभर असतो. प्रत्यक्ष टेप लावली तर तो कितीतरी जास्त भरतो, कारण चित्रात खोली मोजली जात नाही. जुन्या ओमनीच्या चौकोनी अंगावर हा फरक फारसा जाणवत नव्हता. आताच्या गाड्यांच्या प्रत्येक दरवाज्यावर धार आणि खोलगटपणा असतो. त्यावरून फोन नंबर नेला तर आठाचा शून्य दिसू शकतो. अक्षरं सपाट जागेत ठेवा, चाकाच्या कमानीवर आणि हँडलखाली फक्त रंग किंवा नक्षी जाऊ द्या, आणि चारही बाजूंनी भरपूर जादा छपाई सोडा. कृपा करून एकदा गाडीजवळ येऊन हातानं चाचपून बघा.

आता मुख्य मुद्दा. गाळ्यात येणारा जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, ‘दादा, जोड अजिबात दिसायला नको बघा.’ आणि पुष्कळ कारागीर अभिमानानं सांगतात की आम्ही अख्खा बंपर एका तुकड्यात करतो. मला हा अभिमान चुकीचा वाटतो. खोल खाचा असलेल्या बंपरवर एकच तुकडा बसवायचा म्हणजे कुठेतरी फिल्म तिच्या मर्यादेपलीकडे ताणायची. शिंपी कापड कितीही चांगलं असलं तरी अंगाच्या उभारावर ते ओढून बसवत नाही, टक्स घालतो, आणि टक्स कुठे येईल याचा विचार कात्री लावण्याआधी करतो. आमचं कामही त्याच जातीचं आहे. खाचेचा तुकडा आधी वेगळा बसवायचा, त्यावर मुख्य फिल्म काही मिलिमीटर चढवायची, आणि जोड बंपरच्या मूळ रेषेवर न्यायची. नाइफलेस टेपमुळे ब्लेड रंगाला न लावताही सरळ कापता येतं. टेपमधला धागा ओढला की फिल्म आतून चिरली जाते. चढवलेली कड वाऱ्याच्या आणि पाण्याच्या ओघाकडे तोंड करून येऊ द्यायची नाही, ती मागे किंवा खाली वळवायची. अशी जोड दोन हातांवरून दिसत नाही, आणि पावसाळे काढते.

बाकीच्या अटी थोडक्यात. गाडी धुऊन, वाळवून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलेली हवी; टायर पॉलिशचं सिलिकॉन कडेला राहिलं की कसलीच फिल्म धरत नाही. मे महिन्यातल्या दुपारी तापलेल्या पत्र्यावर काम करू नये, गोंद पहिल्या स्पर्शालाच पकडतो. पावसाळ्यात दरवाज्याच्या रबरामागून आणि आरशाच्या सांध्यातून तासभरानंतरही पाणी झिरपतं, म्हणून गाडी आदल्या रात्रीच गाळ्यात उभी राहिलेली बरी. छत आणि बोनेट आकाशाकडे तोंड करून असतात, तिथं फिल्म दरवाज्यांपेक्षा लवकर थकते. कंपन्याही आडव्या भागांची हमी कमी देतात. आणि पूर्ण गाडीचा रंग बदलणार असाल तर आरटीओकडे नोंद करून घ्या.

तेव्हा गाडी घेऊन कुणाकडेही जाल तेव्हा ‘जोड नको’ असं सांगू नका. जोड कुठे घालणार, असं विचारा. फिल्म कास्ट आहे का आणि शेवटी तापवताना थर्मामीटर लावता का, हेही विचारा. नंतर आठवड्यानं कडा दाखवायला गाडी परत आणा. चांगला कारागीर त्याचे पैसे मागत नाही.