शिक्षकाने कायदेमंडळात जावे काय?



तुझे पत्र पोचले. तालुक्यातील मंडळी तुला विधानसभेच्या निवडणुकीस उभा राहण्याचा आग्रह करीत आहेत, आणि शाळेची नोकरी सोडून त्या खटाटोपात पडावे की नाही, याविषयी तू माझा सल्ला मागितला आहेस. शिक्षकाला राजकारण शोभते काय, या तुझ्या शंकेवर मी शाई खर्च करीत नाही; न्यू इंग्लिश स्कुलात मुले शिकवणारे गोखले व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलावयास उभे राहत, तेव्हा ते एके काळचे शाळामास्तर म्हणून कोणी त्यांना कमी लेखले नाही. शाळेतून कायदेमंडळात जाणाऱ्याने बरोबर काय न्यावे आणि मागे काय ठेवावे, एवढेच ठरवावयाचे आहे. आणि त्यासाठी जेम्स मॅक्स्टन या स्कॉटिश शिक्षकाचे चरित्र मला फार उपयोगाचे वाटते.

मॅक्स्टनचा जन्म १८८५ साली ग्लासगोलगतच्या पोलकशॉज येथला. आईबाप दोघेही शिक्षकी पेशातले, वडील मुख्याध्यापक. शिष्यवृत्ती मिळवून तो हचिसन्स ग्रामर स्कुलात व तेथून ग्लासगो विद्यापीठात गेला, तेव्हा त्याची सहानुभूती चक्क हुजूरपक्षाकडे होती. पुढे मित्रमंडळींच्या वादविवादांनी व वाचनाने त्याचे मन पालटले आणि १९०४ साली तो स्वतंत्र मजूर पक्षात शिरला. परंतु पुस्तकातून आलेले मत पुस्तकाबरोबरच मिटते, असा अनुभव आहे. मॅक्स्टनचे मिटले नाही, याचे श्रेय मी त्याच्या वर्गाला देतो. अकरा-अकरा वर्षांच्या साठ मुलामुलींचा एक वर्ग त्याच्या हाती होता. त्यांपैकी छत्तीस जणांना टाचा व गुडघे एकाच वेळी जुळवून सरळ उभे राहता येत नव्हते, कारण मुडदुसाने त्यांच्या पायांची हाडे वाकली होती. गिरण्या-कारखान्यांच्या धुराने सूर्य झाकलेला, एकेका खोलीत सबंध कुटुंब कोंबलेले, आणि दुधाची चणचण नित्याची, अशा वस्तीत दुसरे काय होणार? तशी मुले त्या शहरात हजारो शिक्षकांनी पाहिली असतील. या माणसाने ती मोजली, आणि मोजल्यावर तो आकडा त्याच्या मनातून जन्मात पुसला गेला नाही.

महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्याने शस्त्र धरण्यास नकार दिला. १९१६ च्या मार्चात क्लाइड नदीकाठच्या कामगार पुढाऱ्यांना सरकारने शहराबाहेर हद्दपार केले, त्याचा निषेध करण्यासाठी ग्लासगो ग्रीनच्या मैदानावर सभा भरली, आणि तेथे मॅक्स्टनने कामगारांना हत्यारे खाली ठेवण्याचे उघड आवाहन केले. श्रोत्यांत साध्या वेषातले पोलीस असतील, तर त्यांच्या सोयीसाठी हेच वाक्य मी थोड्या वेळाने पुन्हा म्हणेन, असेही त्याने बजावले! शुद्धलेखन घालण्याची सवय माणसाला तुरुंगाच्या दारापर्यंत सोडीत नाही, याचे मला तरी हसू आले. राजद्रोहाच्या आरोपावरून त्याला एक वर्षाची शिक्षा झाली, एडिंबरोच्या कॉल्टन तुरुंगात ती त्याने भोगली, आणि स्कूल बोर्डाने त्याला नोकरीवरून बडतर्फ केले. सुटल्यावर काही काळ त्याने गोदीत मजुरी केली. बडतर्फीनंतर तीनच वर्षांनी ती जुनी बोर्डे मोडून नव्या कायद्याने शिक्षणाधिकार मंडळे स्थापन झाली, तेव्हा ग्लासगोच्या मतदारांनी ह्याच बडतर्फ मास्तराला तेथे निवडून पाठविले.

१९२२ साल त्याच्या आयुष्यात दुःखाचे व विजयाचे असे दोन्ही ठरले. तान्हे मूल अतिशय आजारी पडले. त्याची पत्नी, तीही शिक्षिकाच, रात्रंदिवस शुश्रूषा करून त्याला वाचविती झाली, पण स्वतः त्या श्रमाने गेली. नोव्हेंबरात ब्रिजटन मतदारसंघातून तो पार्लमेंटात निवडून आला. ग्लासगोच्या १५ जागांपैकी १० मजूरपक्षाने जिंकल्या होत्या आणि या मंडळींना निरोप देण्यासाठी सेंट इनॉक स्टेशनावर अलोट गर्दी लोटली होती.

ज्या प्रसंगामुळे त्याचे नाव सर्वतोमुखी झाले, तो १९२३ च्या २७ जूनचा. स्कॉटलंडच्या आरोग्यखात्याच्या खर्चाची मागणी सभागृहापुढे होती आणि काटकसरीच्या नावाखाली माता व बालके यांच्यासाठी असलेल्या अनुदानात कपात झालेली होती. ज्याने छत्तीस वाकडे पाय मोजले आणि ज्याच्या घरचा पाळणा आईवाचून हलत होता, त्याने शांतपणे काय बोलावे? या कपातीने मुले मरणार आहेत, हे जाणून ज्यांनी तिला मत दिले ते खुनी होत, असे तो म्हणाला. लंडन शहराचे प्रतिनिधी सर फ्रेडरिक बॅनबरी यांनी मध्येच अडविताच, त्यांनाही त्याने त्याच शब्दाने संबोधिले. शब्द मागे घेण्याची ताकीद झाली. त्याने नकार दिला. व्हीटली, स्टीफन व ब्यूकॅनन या तिघा सोबत्यांनीही तोच शब्द उच्चारला आणि चौघेही सभागृहातून निलंबित झाले. सभ्यतेचा भंग झाला हे खरेच. पण त्या दिवसापर्यंत आरोग्यखात्याच्या जमाखर्चात मुडदुसाने वाकलेली मुले कोणालाही दिसली नव्हती, हेही तितकेच खरे.

येथपर्यंत वाचून तू हुरळून जाशील, म्हणून पुढचे लिहिणे भाग आहे. मॅक्स्टन त्यानंतर तेवीस वर्षे, मरेपर्यंत, ब्रिजटनचाच प्रतिनिधी राहिला. कपाळावर रुळणाऱ्या काळ्या केसांच्या झुलपाचा, खप्पड गालांचा हा वक्ता बोलावयास उठला की सभागृह भरे, आणि चर्चिलसारखा कडवा प्रतिपक्षीही त्याच्याविषयी आदराने बोले. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार त्याच्या पक्षाने निःसंदिग्धपणे केला, ही गोष्ट आपण विसरू नये. तथापि कायद्याच्या पुस्तकात त्याची खूण शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. निलंबित चौघांपैकी व्हीटली पुढच्याच वर्षी मंत्री झाला, खात्याच्या दफ्तरात मान घालून बसला, आणि त्याच्या घरबांधणी कायद्याने सुमारे पाच लाख घरे उभी राहिली. मॅक्स्टनला मात्र तडजोडीचे वावडे. १९३२ साली त्याने आपला पक्ष मजूरपक्षापासून फोडून वेगळा केला. १९३६ साली राजाने सिंहासन सोडले तेव्हा राजसत्ताच नको, अशी उपसूचना त्याने मांडली, ती ४०३ विरुद्ध ५ मतांनी पडली. १९४२ च्या जानेवारीत चर्चिलच्या सरकारवरील विश्वासदर्शक ठरावास ४६४ अनुकूल व एकच प्रतिकूल मत पडले. ते एक मत मॅक्स्टनचे, कारण त्याचे उरलेले दोघे सोबती मते मोजण्याच्या कामावर होते! म्युनिकच्या कराराबद्दल चेंबरलेनची त्याने केलेली वाखाणणी तर आज वाचवत नाही. वर्गात शिक्षकाला साठांविरुद्ध एकट्याने बरोबर असण्याची सवय जडते. मॅक्स्टन तीच सवय सभागृहात घेऊन बसला.

१९४६ च्या २३ जुलैला तो वारला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून ब्रिटनमधील शाळांत प्रत्येक मुलाला मोफत दूध मिळू लागले. ज्या शिक्षणमंत्रिणीने त्यासाठीचा कायदा करून घेतला, ती एलन विल्किन्सन मँचेस्टरची. तिनेही उमेदवार शिक्षिका म्हणून प्राथमिक शाळेत मुले शिकविली होती आणि तीही एके काळी मॅक्स्टनच्याच पक्षात होती. पण पक्ष फुटला तेव्हा ती मजूरपक्षात राहिली, खजिन्याशी घासाघीस करून पैसे पदरात पाडून घेण्याचे निरस काम तिने पत्करले, आणि मॅक्स्टनने ज्याच्यासाठी निलंबन ओढवून घेतले त्यातला एक घोट तरी मुलांच्या तोंडी लागला. मॅक्स्टनचा आक्रोश व्यर्थ होता, असे मी म्हणणार नाही. कोणी तरी आधी तसा ओरडल्यावाचून खजिन्याचे कान उघडत नाहीत. मात्र ओरडणाऱ्याने पुढचे टिपण लिहावयास दुसऱ्या कोणाला तरी जागा दिली पाहिजे, आणि स्वतः ते लिहिता आले तर उत्तमच.

तेव्हा माझे मत असे. आग्रह करणाऱ्या मंडळींना होकार देण्यापूर्वी तुझ्या शाळेचे दहा वर्षांचे हजेरीपट काढ. पहिलीत नाव घातलेल्या मुलींपैकी सातवीपर्यंत किती पोचल्या आणि बाकीच्या कोणत्या कारणाने गळाल्या, हे घरोघर जाऊन लिहून घे. तो कागद हाती आल्यावर त्यावर कोणती तरतूद हवी, तिला किती खर्च लागेल आणि कोणत्या खात्याकडून तो मिळेल, याचा मसुदा तुला बनविता येतो का, ते पाहा. येत असेल तर खुशाल उभा राहा. घरच्या खर्चाची तजवीज मी करीन. येत नसेल, नुसता संतापच येत असेल, तर आणखी दोन वर्षे शाळेतच थांब आणि जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक वाचावयास शीक.

 

तुझा काका