ओलिताची मेथी

मैत्रिणींनो, यवतमाळहून कळंबला गेलात, तर चिंतामणीचं दर्शन घ्यालच. देऊळ जमिनीखाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. आत कुंड आहे. काही वर्षांनी त्याचं पाणी चढून गणपतीच्या पायांना लागतं, अशी इथली श्रद्धा. दर्शन झालं की जरा शिवाराकडेही वळा. पाण्याची रोजची वाट पाहणं तिथं दिसेल.

काळी जमीन, नजर पोहोचेल तिथवर पऱ्हाटी आणि तूर. पाऊस तसा थोडा नाही. पण सगळा चार महिन्यांत, आणि पाती-बोंडं धरायच्या वेळी पुष्कळदा दडी मारणारा. त्या वेळी एक-दोन पाणी मिळालं तर बोंड भरतं. नाही तर पातेगळ. मग दुकानाची उधारी, मुलीची फी, सारंच अडतं.

२०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना निघाली. ३० मीटर लांब, तितकंच रुंद, ३ मीटर खोल तळं भरलं, तर सुमारे २२ लाख लिटर पाणी! गळती आणि वाफ सोडली, तरी तीन-चार एकरांना दोन पाणी होतात.

एका घरी चहा झाला. बाईंना विचारलं, “ओलितानं काय बदललं?” वाटलं, कापसाचं सांगतील.

“मेथी!” त्या हसल्या. “पयले दिवाळीनंतर भाजी इकत घ्या लागे. आता धुऱ्यावर मेथी, सांबार, वांगे, सारं हाय.” (सांबार म्हणजे आपली कोथिंबीर बरं का!) हरभराही होतो, म्हणून यजमानांना बाहेरगावी मजुरीला जावं लागत नाही.

पण बायांचं काम वाढलं. निंदण आता रब्बीतही. आणि लाइनीची पाळी रात्रीची असली, की हे मोटर लावायला वावरात अन् या दारात जाग्या, साप-विंचवाचं भेव.

आणखी एक. विहिरीचा, तळ्याचा अर्ज ज्याचं नाव सातबाऱ्यावर त्याचा. बायकोचं नाव तिथं लावायची ‘लक्ष्मीमुक्ती’ची सोय १९९२ पासून आहे. घरी विषय काढा, तलाठ्याकडे चौकशी करा.

निघताना बाईंनी मेथीची जुडी हाती ठेवली. पैसे घेईनात.

“कापूस त्यायच्या नावाचा, ताई,” म्हणाल्या, “मेथी माही.”