नित्याच्या प्रसंगांतील धर्म

धर्म म्हटला की देऊळ, मशीद, चर्च आणि पवित्र ग्रंथ ही मनासमोर उभी राहतात. परंतु माणसाची श्रद्धा पुष्कळदा त्याहून साध्या ठिकाणी घडत असते. आगगाडीचा डबा, घरातील चूल, पाण्याची घागर यांच्यापाशीही ती जन्म घेते. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांच्या जीवनात याची प्रचिती येते.

सन १८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. राज्यकर्त्यांच्या जातीचा मनुष्य एतद्देशीयांशी बरोबरीने वागेल, अशी अपेक्षा त्या काळी सहसा कोणी करीत नसे. हे गृहस्थ मात्र टिळकांशी मोठ्या सौजन्याने वागले. काव्यावरून गोष्ट निघाली, ती धर्मावर आली. निरोप घेताना त्यांनी टिळकांना ‘नवा करार’ हा ग्रंथ दिला आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांना ते पटले नाही. तरीही ग्रंथ वाचण्याचे वचन त्यांनी दिले होते. ते त्यांनी पाळले. वाचता वाचता ते येशूच्या गिरिप्रवचनापाशी आले आणि तेथेच त्यांचे मन गुंतले. शत्रूवरही प्रेम करावे, ही शिकवण त्यांच्या अंतःकरणाला जाऊन भिडली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांच्या मनाला शांती लाभली, परंतु घरावर जणू आकाश कोसळले. लक्ष्मीबाई कडकडीत सोवळ्याच्या घरात वाढलेल्या होत्या. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके विलक्षण, की बाहेरून आणलेले मीठदेखील ते धुऊन घेत! अशा घरच्या कन्येने परधर्मात गेलेल्या पतीबरोबर कसे राहावे? लहान मुलाला घेऊन त्या काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. पुढे त्या परत आल्या, तरी आपले सोवळे त्यांनी सोडले नाही. टिळकांनीही धर्मांतरासाठी त्यांच्यावर बळजबरी केली नाही.

शेवटी लक्ष्मीबाईंच्या मनाची गाठ कोणाच्या व्याख्यानाने सुटली नाही. ती त्यांच्या स्वतःच्याच विचाराने सुटली. जाती देवाने केल्या की माणसाने, असा प्रश्न त्यांनी आपल्या मनाला विचारला. देवाने पशुपक्ष्यांच्या जाती निरनिराळ्या केल्या, त्या पाहताक्षणीच ओळखू येतात. माणसामाणसांत तसा भेद कोठे आहे? एकदा उत्तर सापडल्यावर त्या थांबल्या नाहीत. यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे, असा त्यांनी निश्चय केला. जिच्या माहेरी मीठसुद्धा धुतले जाई, तिने परक्याच्या हातचे पाणी पिणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. सन १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे या दांपत्याच्या घरी कित्येक अनाथ मुलांना मायेचा आसरा मिळाला.

धर्म बदलला, तरी टिळकांची मराठी संतांवरील भक्ती आटली नाही. तुकारामांच्या अभंगांविषयीचा आदर त्यांनी अखेरपर्यंत जपला आणि ख्रिस्ताची भजने संतांच्याच वळणाच्या मराठीत रचली. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण लाभले नव्हते. तरीही आपले अनुभव त्यांनी सरळ, विनोदी आणि निर्भीड भाषेत लिहून ठेवले. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्वतःची फजितीही त्यांनी लपविली नाही.

सौजन्य, दिलेला शब्द पाळणे, दुसऱ्याच्या मताला अवसर देणे आणि माणसाला माणूस मानणे, ही कोणा एका धर्माची मिरास नव्हे. परंतु या दांपत्याला आपली ख्रिस्तभक्ती अशाच आचरणात सापडली. प्रवासात शेजाऱ्याला आपण जागा कशी देतो आणि तहानेल्याला पाणी देताना त्याची जात विचारतो की नाही, यावरूनच आपल्या श्रद्धेची खरी परीक्षा होत असते.