मातीविना भाजी

हल्ली तरुण मुले मला खोलीतल्या मातीविना शेतीविषयी विचारतात. विद्या खोटी नाही. शोल्टो डग्लस यांनी कालिम्पाँगला १९४६ च्या सुमारास साध्या साधनांनी हे प्रयोग केले होते. पण बंद खोलीत ऊन नाही. रोज चौदा-सोळा तास दिवे जाळायचे, आणि अंगणात ऊन फुकट पडलेले! नळीतून मुळांवर पाण्याचा पातळ ओघ वाहतो. पंप थांबला की उन्हाळ्यात काही तासांत रोपे माना टाकतात. ओल धरायला तिथे माती कुठली?

गेल्या महिन्यात एक जण जमीन तारण ठेवून लेट्यूसचे मजले उभारायला निघाला होता. म्हटले, "बाबा रे, आधी गिऱ्हाईक बघ. आपल्या आठवडी बाजारात हा पाला कोण घेतो?"

हौस असेल तर उजेडाच्या खिडकीशी झाकणाची एक बादली ठेवा. बाहेरून काळा रंग द्या, नाहीतर शेवाळ धरते. खतपाण्याचा सामू ५.५ ते ६.५ राखा. पाणी कमी झाले तरी पुन्हा काठोकाठ भरू नका. वरच्या मुळांना हवा लागते.