जुना संगणक, नवा टीव्ही

मॉनिटर गेला की लोक अख्खा संगणकच मोडीत काढतात. डबा धडधाकट असतो, हार्ड डिस्क फिरत असते, आत घरादाराचे फोटो, पत्रं, हिशेब, लग्नाच्या याद्या असतात. पण समोरची काच काळी पडली म्हणून सगळं भंगारवाल्याकडे जातं. आणि त्याच खोलीत भिंतीवर भलामोठा टीव्ही टांगलेला असतो. हे बघवत नाही, म्हणून ही टिपणं.

*

2007-08 च्या सुमारास घेतलेल्या साध्या डेस्कटॉपच्या पाठीमागे बहुतेक एक निळं, दोन बाजूंना स्क्रू असलेलं, पंधरा पिनांचं तोंड असतं. ते व्हीजीए. आयबीएमने 1987 साली पीएस/2 संगणकांबरोबर ते आणलं आणि पुढची वीसेक वर्षं जगभर तेच चाललं. आजच्या टीव्हीला मात्र फक्त एचडीएमआय. व्हीजीएत लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग तीन तारांवरून व्होल्टेजच्या चढउतारात जातात. ओळ कुठे संपली आणि चित्र कुठे संपलं हे सांगायला आणखी दोन तारा. एचडीएमआयवरून जातात ते आकडे. तेव्हा एका टोकाला व्हीजीए आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय असलेली नुसती वायर काही कामाची नाही. मध्ये व्होल्टेज मोजून त्याचे आकडे करणारी चिप लागते, आणि तिला चालायला वीज लागते. कन्व्हर्टरला यूएसबीची शेपटी असते ती त्यासाठीच. ती संगणकाच्याच पोर्टमध्ये खोचावी.

संगणकामागे पांढरं, रुंद डीव्हीआयचं तोंड असेल तर नशीब चांगलं. त्यातला डिजिटल सिग्नल आणि एचडीएमआयचा चित्राचा सिग्नल एकाच जातीचे आहेत. साधी डीव्हीआय-एचडीएमआय केबल पुरते, चिप नको, यूएसबी नको.

*

पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास, कन्व्हर्टर मागितला की अनुभवी दुकानदार आधी एकच प्रश्न विचारतो : "काका, पीसीतून टीव्हीत न्यायचंय, की लॅपटॉपमधून प्रोजेक्टरवर?" प्रश्न अगदी नेमका आहे. एचडीएमआयमधून व्हीजीए काढणारा डबा आणि व्हीजीएमधून एचडीएमआय काढणारा डबा दिसायला भावंडं, पण काम उलटं. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. डब्यावर 'इन' आणि 'आउट' कुठे लिहिलंय ते दुकानातच वाचावं. आपल्याला हवा तो 'व्हीजीए इन, एचडीएमआय आउट'.

आवाजाचंही तिथेच बघून घ्यावं. व्हीजीएमधून आवाज जात नाही. कन्व्हर्टरला हेडफोनसारखं छोटं भोक असेल तर संगणकाच्या हिरव्या जॅकमधून तिथे वायर टाकता येते आणि आवाज टीव्हीतून येतो. ते नसेल तर जुने स्पीकर आहेत तसे राहू द्यावेत. त्यांचा आवाज पुष्कळदा पातळ टीव्हीपेक्षा भरदार असतो.

*

जोडणी झाली, चित्र आलं, आणि 'स्टार्ट'चं बटण गायब. खालची पट्टी निम्मी कापलेली, डाव्या बाजूच्या आयकॉनची नावं अर्धवट. संगणक बिघडलेला नसतो. ही टीव्हीची जुनी सवय आहे. काचेच्या पिक्चर ट्यूबमध्ये कडेचं चित्र नीट येत नसे, आणि विजेचा दाब खालीवर झाला की ते आक्रसायचं किंवा पसरायचं. काळी कड दिसू नये म्हणून कंपन्या चित्र पडद्यापेक्षा थोडं मोठंच पाडत. ट्यूब गेली, सवय राहिली. एलजीत 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'फिट टू स्क्रीन', सोनीत 'फुल पिक्सेल' असं काहीतरी चित्राच्या आकाराच्या मेनूत सापडतं. तिथे एकदा हात लावला की चारही कडा जागेवर येतात.

सिनेमात कडेचं थोडं गेलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. संगणकात कडेलाच सगळा कारभार असतो. टीव्ही लांबून बघण्यासाठी केलेला, संगणकाचा पडदा जवळून वाचण्यासाठी. जोडणीतल्या बहुतेक अडचणी या एका फरकातून निघतात.

*

चित्र कसं आलंय हे लोक वॉलपेपर बघून ठरवतात. तो काही निकष नव्हे. एखादा मराठी मजकूर उघडावा, अक्षर नेहमीच्या आकाराचं ठेवावं आणि अनुस्वार शोधावेत. 'मंगल' फाँटमध्ये लहान आकाराला अनुस्वार म्हणजे जेमतेम पिक्सेल-दोन पिक्सेल. संगणकाचा पडदा 1024 गुणिले 768 आणि टीव्हीचा 1920 गुणिले 1080 असला की उभ्यात एका ठिपक्याचे 1.4 ठिपके करावे लागतात. 0.4 ठिपका तर काढता येत नाही, मग टीव्ही रंग मिसळून तो पसरवतो. इंग्रजी अक्षरं यात थोडी मऊ होतात, वाचता मात्र येतात. देवनागरीत अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो, रफार आणि मात्रा एकमेकांत जातात, 'ष' आणि 'प' सारखे दिसू लागतात. शिवाय चार-तीनचं चित्र सोळा-नऊमध्ये ताणलं की माणसं जाडी दिसतात ते वेगळंच.

म्हणून डिस्प्ले सेटिंगमध्ये 1920 गुणिले 1080 मिळतं का ते आधी बघावं. त्या काळातल्या बऱ्याच ग्राफिक्स चिपांना ते जमतं. फक्त कन्व्हर्टरने 'समोर असा असा पडदा आहे' ही माहिती संगणकापर्यंत नीट पोचवायला हवी. पडदा स्वतःची ओळख 128 बाइटच्या एका छोट्या तक्त्यात देतो, आणि स्वस्त कन्व्हर्टर नेमके तिथेच कच्चे असतात. तक्ता पोचला नाही तर संगणक बिचकून 800 गुणिले 600 वर बसतो, किंवा अंदाजाने भलतंच काही पाठवतो आणि टीव्ही 'मोड नॉट सपोर्टेड' म्हणतो. फोर-के टीव्हीलाही 1080 च पाठवावं. तिथे आडव्यात आणि उभ्यात बरोबर दुप्पट होते, अपूर्णांकाची भानगड नाही.

काही 'एचडी रेडी' टीव्हींचं पॅनेल 1366 गुणिले 768 चं असतं. जुन्या संगणकाच्या यादीत 1366 बहुधा सापडत नाही, 1360 सापडतं, कारण जुन्या हिशेबात रुंदीला आठाने भाग जावा लागे. 1360 खुशाल निवडावं.

*

लाल अक्षरं निळ्यावर लिहून बघावीत. कडा फाटल्यासारख्या दिसल्या तर टीव्ही अजून सिनेमाच्या चालीवर आहे. सिनेमात शेजारच्या दोन-चार पिक्सेलांना मिळून एकच रंग दिला तरी डोळ्याला कळत नाही. अक्षरांत लगेच कळतं. बऱ्याच टीव्हींत त्या एचडीएमआय इनपुटला 'पीसी' असं नाव दिलं की हे थांबतं, आणि माउस हलवल्यावर बाण मागे रेंगाळतो तेही कमी होतं. शार्पनेस हळूहळू उतरवत न्यावा; अक्षराभोवतीची पांढरट कड गेली की थांबावं.

*

एकेकाळी घरच्या संगणकाला बहुधा टीव्हीशिवाय दुसरा पडदाच नसे. 1982 साली ब्रिटनमध्ये आलेला सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम अँटेनाच्या भोकातून टीव्हीला जोडत. आत एक छोटा प्रक्षेपकच होता म्हणा ना. टीव्हीवर यूएचएफचं 36 नंबरचं चॅनेल लावलं की संगणक दिसायचा. भारतात 1988 मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस विकला. त्याच्या पडद्यावर एका ओळीत 32 अक्षरं मावत; घरच्या टीव्हीवर फार बारीक अक्षर वाचवत नसे. ऑफिसच्या कामाला ओळीत 80 अक्षरं हवी होती. ती टीव्हीला झेपेनात, म्हणून संगणकाने स्वतःचा मॉनिटर केला आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आजचा टीव्ही 80 काय, 200 अक्षरंही दाखवेल. पडदा पुन्हा एक झालाय, अडलंय ते फक्त तोंड.

*

एवढा खटाटोप कशाला, पेन ड्राइव्हवर घालून थेट टीव्हीला लाव, असं मुलं म्हणतात. फोटोंपुरतं ते खरं आहे. पण लग्नाची सीडी आठवा. व्हीसीडीवरचं चित्र 352 गुणिले 288 चं, एमपेग-1 पद्धतीचं, 'डॅट' नावाच्या फाइलींत. अनेक नवे टीव्ही त्या फाइलीला ओळखच देत नाहीत, आणि टीव्हीला सीडी घालायची जागा तर नाहीच. जुन्या संगणकात ड्राइव्ह आहे, व्हीएलसी प्लेअर आहे. तो ती निमूट चालवतो. तेव्हाच्या मराठी दस्तऐवजांचंही तेच. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांत टाइप केलेला मजकूर नव्या यंत्रावर उघडला की नुसती चिन्हांची रांगोळी दिसते. ज्या संगणकात ते फाँट बसवलेत, तिथेच तो मराठी म्हणून वाचता येतो. काकांचं आत्मचरित्र, संस्थेचे अहवाल, दिवाळी अंकाची मूळ पानं अशा डब्यांत पडून आहेत. मला हे संगणक जपावेसे वाटतात ते मुख्यतः यासाठी.

*

अर्थिंगकडे दुर्लक्ष करू नये. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये गाळणीचे कपॅसिटर असतात. सॉकेटला अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे पत्र्याच्या डब्यावर 230 च्या निम्मा, शंभराच्या वर व्होल्टेज येऊन बसतो. करंट अगदी थोडा, हाताला मुंग्या येतात इतकाच. पण टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सला केबलवाल्याची वायर दुसऱ्या इमारतीवरून आलेली असते, आणि केबल खोचताना दोन्हींच्या व्होल्टेजमधला फरक एचडीएमआयच्या नाजूक पिनांतून वाहतो. आधी सगळे प्लग काढावेत, मग केबल जोडाव्यात, शेवटी वीज. टीव्ही आणि संगणक दोन्ही खरं अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर घ्यावेत.

*

संगणकावर विंडोज एक्सपी असेल तर इंटरनेट जोडू नये. मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 ला त्याची देखभाल थांबवली. तारीख 2002 वगैरे दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल संपलाय, तो बदलावा.

आणि पडद्यावर फोटो दिसायला लागले की त्याच दिवशी बाहेरची हार्ड डिस्क लावून सगळ्याची नक्कल घ्यावी. ती दोन टीबीपेक्षा मोठी नको, बत्तीस बिटांच्या एक्सपीला त्यापलीकडचं सहसा दिसत नाही. फॉरमॅट एनटीएफएस ठेवावं, एफएटी32 वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. यूएसबी 2.0 वरून सेकंदाला साधारण तीस एमबी जातात, म्हणजे शंभर जीबीला तासभर. बारीक बारीक फाइली फार असतील तर आणखी. कॉपी चालू असताना संगणकावर दुसरं काही चालवू नये. जुनी डिस्क असते, तिला एकच काम द्यावं.