बंद पडलेली जीप चालवताना

आम्हांला जीप चालवता येते. मात्र बंद पडलेलीच. ती थांबली की आमचे यजमान उतरून मागे जातात आणि आम्ही साडी सावरत, गिअरच्या तीन दांड्या ओलांडून, डावीकडून उजव्या आसनावर येतो. किल्ली चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. थोडा वेग आला की मागून हाक येते, ‘सोड!’ आम्ही क्लच सोडतो, गाडी हिसका देऊन जागी होते, आणि हे धापा टाकत पुढे येईपर्यंत आम्ही ॲक्सिलरेटर दाबून धरतो. मग पुन्हा दांड्या ओलांडून आपल्या जागी. बोदवडच्या रस्त्यांवर हा प्रयोग गेली बावीस वर्षे चालला आहे आणि प्रेक्षकांची वाण आम्हांला कधीच पडली नाही.

ही जीप १९७३ची. एका सरकारी खात्याच्या लिलावात निघालेली, पुढे दोन-तीन हात बदलून आमच्या दारात आली. विलीज घराण्याची, ‘सीजे-३बी’ जातीची, उंच बॉनेटची. बॉनेट उंच का, तर १९५३ साली या जातीत बसवलेले इंजिन आधीच्यापेक्षा उंच होते आणि ते जुन्या झाकणाखाली मावेना, म्हणून झाकणच वर उचलले. हे आम्ही कोठे वाचलेले नाही. जेवताना ऐकलेले आहे. १९४० साली अमेरिकी लष्कराने १३५ कारखान्यांकडे असे वाहन मागितले आणि बँटम नावाच्या एका लहान कंपनीने ४९ दिवसांत पहिला नमुना उभा केला, हेही वरणभाताबरोबरच कळले. पुढे महायुद्धात विलीज व फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. आम्ही महाविद्यालयात मराठी शिकवतो. घरी मात्र आम्ही विद्यार्थी, आणि विषय आमच्या निवडीचा नाही.

गाडीचा दोष कारखान्याचा म्हणता येणार नाही. पन्नाशी उलटलेल्या यंत्राला खानदेशचा उन्हाळा सोसवत नाही, एवढेच. वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेला की इंजिनाला चिकटून बसलेला पेट्रोलचा पंप इतका तापतो, की पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि कार्बोरेटरपर्यंत काही पोहोचत नाही. त्यावर उपाय म्हणजे पंपावर ओले फडके. आमच्या जुन्या नऊवारीचे तुकडे या कामी गेले. पावसाळ्यात तऱ्हा उलटी. काळ्या मातीच्या चिखलातून, जिथे बैलगाडीही रुतते, तिथून ही चारही चाकांनी डौलात बाहेर येते. आणि दारात उभी असताना डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमट हवा शिरली की सकाळी हूं की चूं करत नाही.

यंत्रावर जीव लावणाऱ्या माणसाची गोष्ट साहित्याला नवी नाही. सुबोध घोष यांच्या कथेवर ऋत्विक घटकांनी १९५८ साली ‘अजांत्रिक’ हा चित्रपट केला. त्यातला बिमल आपल्या खिळखिळ्या शेव्हरोलेट टॅक्सीशी बोलतो, तिला ‘जगद्दल’ म्हणतो. वर्गात त्याविषयी बोलताना आम्ही यंत्र, माणूस, आधुनिकता असे पुष्कळ काही सांगतो. एक गोष्ट सांगत नाही. बिमल एकटा आहे. त्याच्या घरी वाट पाहणारे कोणी नाही, म्हणून ती भक्ती इतकी निर्मळ दिसते. भक्ताच्या बायकोला त्या कथेत जागाच नाही.

२०१९च्या आषाढात मध्यरात्री सासूबाईंना श्वास घेता येईना. भुसावळला न्यायचे ठरले. त्यांना मागच्या बाकावर उशा लावून बसवले आणि किल्ली फिरवली, काहीच नाही. पाऊस कोसळत होता. यांनी टोपी काढून पुसली, पॉइंट घासले, मग नेहमीचा प्रयोग. आम्ही चाकावर, हे मागे, आणि आमच्या पाठीशी सासूबाईंचा घरघरता श्वास. ‘सोड!’ अशी हाक चार वेळा आली. चौथ्या हाकेतला आवाज आम्ही त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता. अखेर शेजारच्या दूधवाल्याने टेम्पो काढला. सासूबाई वाचल्या; पुढे दोन वर्षे होत्या आणि त्या रात्रीची गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नाही. आम्हीही काही बोललो नाही. न बोलणे हीच आमची शिक्षा होती, आणि ती देताना आम्हांला थोडे समाधान मिळत होते, हे येथे लिहायला हरकत नाही.

महिन्याभरात यांनी कर्ज काढून नवी मोटार आणली. किल्ली फिरवली की ती सुरू होते. तिच्यापुढे हे अगदी पाहुण्यासारखे वागतात. तिचे बॉनेट यांनी उघडलेले आम्ही पाहिलेले नाही. तिला यांची गरज नाही, आणि ते यांना कळते. जीपवर मात्र ताडपत्री पडली. तिला हातही लागेना.

२०२३ साली जीप पन्नास वर्षांची झाली. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार, मूळ रूपात जपलेल्या पन्नास वर्षांवरील खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळू शकते. मात्र ती घेतली की गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच. मान मिळतो आणि चालणे थांबते. त्याच सुमारास एक गिऱ्हाईक आले. हॉटेलच्या दारात शोभेला उभी करायची म्हणे. किंमत बरी देत होते.

‘काय करू?’ यांनी विचारले. त्या रात्रीनंतर जीपविषयी आम्हांला विचारलेला हा पहिला प्रश्न. ‘देऊन टाका’ हे शब्द चार वर्षे तयार होते. आम्ही म्हणालो, ‘शोभेला नको. आणि ती पाटीही नको.’ हे बराच वेळ गप्प राहिले. मग उठून ताडपत्री काढायला गेले.

यंदा चैत्रातल्या एका शनिवारी शिरसाळ्याच्या मारुतीला निघालो. मोटारीची किल्ली खुंटीवरच होती. अर्ध्या वाटेवर पंप तापला. फडके भिजवून ठेवले, वाट पाहिली. पण तोवर सेल्फ मारमारून बॅटरी उतरली होती. यांचीही आता साठी जवळ आली आहे, ढकलताना गुडघा वाजतो. ‘कोणी येईल, थांबू या,’ आम्ही म्हणालो. हे तेव्हा मागे पोहोचलेही होते. आम्ही दांड्या ओलांडल्या, दुसरा गिअर टाकला आणि क्लच दाबून धरला.