मार, काबर, पडुवा, राकड

गुरसरायच्या घरात राहायला आलो तेव्हा घरमालकीण अम्मांनी दोन अटी घातल्या. भिंतींना खिळे ठोकायचे नाहीत आणि छतावर पाणी मुरू द्यायचं नाही. छत जुनं, दगडी पटियांचं. करार अकरा महिन्यांचा. नवऱ्याच्या बदलीच्या नोकरीतलं हे आमचं सहावं घर. आधीच्या पाच घरांत मी साधी तुळसही लावली नव्हती. जायचंच आहे तर कशाला, असं वाटायचं.

झाशी जिल्ह्यातलं हे गाव एकेकाळी मराठी जहागिरीचं. कोकणातल्या नेवऱ्याचे गोविंदपंत खेर पेशव्यांच्या कामावर बुंदेलखंडात आले, 'बुंदेले' म्हणूनच ओळखले जाऊ लागले आणि डिसेंबर १७६० मध्ये पानिपतच्या मोहिमेत मारले गेले. इथे कायमचं राहायचं असं ठरवून ते निघाले असतील का, हा प्रश्न मला छतावर उभं राहिल्यावर पडायचा.

तेव्हा मी एका बुंदेली कथेचं भाषांतर करत होते. त्यात एक विधवा बाई आपली 'मार' जमीन विकते आणि 'राकड' ठेवते. मी लिहिलं होतं, 'बिचारीने काळी कसदार जमीन विकली आणि मुरमाड ठेवली.' 'बिचारी' हा शब्द मुळात नव्हता. मराठी वाचकाला कळावं म्हणून मीच घातला होता.

ऑक्टोबरात रंगाच्या वीस लिटरच्या चार रिकाम्या बादल्या मिळाल्या. दूधवाल्याने शेतातली माती आणून दिली. काळीभोर, बघूनच समाधान वाटावं अशी. दोन बादल्यांत मेथी पेरली, दोनांत वांग्याची रोपं लावली. पाणी घातलं की वर तळं साचायचं. चार दिवस सुकू दिली तर माती आक्रसून बादलीच्या कडेपासून सुटायची आणि पुढचं पाणी त्या फटीतून थेट खाली. मुळं मधल्या ढेकळात कोरडीच. मेथी पिवळी पडली.

अम्मा वर आल्या. मला वाटलं, छताचं काढतील. त्यांनी माती चिमटीत घेतली. "बिन्नू, जा तो मार आय. गमला की माटी नइयाँ."

मग त्यांनी इथल्या चार मातींची ओळख करून दिली. मार आणि काबर काळ्या. पाऊस पडला की चिकट, वाळली की दगड. पडुवा हलकी. राकड तांबूस, भरड, गरीब. "मार को तो जोड़ी चइए, तगड़े बैल. राकड तो अकेली औरत खुरपी से खोद ले."

मी खाली येऊन कथेचं पान काढलं. त्या बाईकडे बैल नव्हते. तिने हिशेब केला होता. 'बिचारी' खोडलं. 'मार' आणि 'राकड' तसेच ठेवले आणि बैलांचा उल्लेख तीन पानं आधी होता, तो मी नीट वाचला नव्हता हे मान्य केलं.

बादल्या रिकाम्या केल्या. तळाला बोटभर रुंदीची भोकं पाडली. दोन भाग पडुवा, एक भाग मौरंग, एक भाग जुनं शेणखत. ओली बादली पंचवीस-तीस किलोंच्या घरात जाते, म्हणून चारही बादल्या छताच्या मध्यावरून काढून भिंतीलगत, विटांवर ठेवल्या. खाली ताटल्या, म्हणजे अम्मांची अटही पाळली गेली. मेथी महिन्याभरात खुडायला आली. वांगी फेब्रुवारीत धरली, एकूण अकरा. इथे त्यांना 'भटा' म्हणतात. चार अम्मांना दिली.

एप्रिलमध्ये बदलीचं पत्र आलं. ट्रकमध्ये बादल्या नेता येणार नव्हत्या. मी माती ओतून टाकायला निघाले तर अम्मा म्हणाल्या, "धरी रहन दो."

बादल्या तिथेच आहेत. नव्या गावी आल्यावर सामान पुरतं लावायच्या आधी मी शेजारच्या बाईंना विचारलं, इथल्या मातीला काय म्हणतात?